बारा सेंटीमीटर

२ जुलै २००६, रविवार

पुण्याच्या क्लबचं पत्र आलं. दिपाला सायकल द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे. उसनी नाही, कायमची. ट्रायथलॉनची खास सायकल, हँडलवर कोपरं टेकवून पुढे वाकून बसतात ती. त्यांच्याकडे वापरलेली आहे, पण तशी सायकल हिंगोलीत अजून कुणी पाहिलेली नाही. मीसुद्धा चित्रातच पाहिली आहे.

दिपा आमच्या शाळेत दहावीत आहे. पुसेगावकडच्या एका तांड्यावरची. इथे मुलींच्या वसतिगृहात राहते, शनिवारी दुपारी घरी जाते आणि सोमवारी सकाळी परत येते. पोहायला विहिरीत शिकली. पळायला तिला कुणी शिकवलं नाही. तेवीस वर्षं मी पी.टी. शिकवतो आहे, असं लेकरू एकदाच वाट्याला आलं. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एकामागून एक, मध्ये थांबायचं नाही, अशी ही स्पर्धा. पहिलं आणि शेवटचं तिचं होतंच. मधल्यासाठी साधन नव्हतं.

दहा डिसेंबरला पुण्यात सोळा वर्षांखालच्यांची निवड चाचणी आहे. निवड झाली तर पुढची दोन वर्षं शिबिर, कॉलेज, राहणं, जेवण, सगळं पुण्यात. पुढच्या वर्षी ती सोळा ओलांडते, मग मोठ्या बायांमध्ये उतरावं लागेल. तेव्हा संधी ही एकच.

पत्रासोबत मापांचा तक्ता आहे. उंची, पायाची आतली लांबी, खांद्यापासून मुठीपर्यंत हात. क्लबकडे दोन सायकली आहेत, अठ्ठेचाळीस नंबरची आणि चोपन्न नंबरची. मापं बघून ते ठरवतील. मुलीची मापं मी घेणं बरं दिसत नाही, म्हणून तिला घरी बोलावलं. अपर्णाने आतल्या खोलीत घेतली. दिपाचा आवाज बाहेरपर्यंत आला, "काकू, येवढी मापं तर लग्नातल्या पोलक्याला बी घेत न्हाईत!" दोघी बराच वेळ हसत होत्या.

उंची एकशे बावन्न सेंटीमीटर.

५ जुलै, बुधवार

तक्ता भरून पोस्टात टाकला. उंची एकशे चौसष्ट लिहिली. पाय आणि हातही त्या मानाने वाढवले.

का ते लिहून ठेवतो. आपल्याकडे लेकराला काही घ्यायचं तर वाढत्या अंगाचं घेतात. माझ्या मुंजीत शिवलेला कोट मला नववीपर्यंत आला. स्वानंदच्या पँटी अपर्णा अजून चार बोटं आत दुमडून शिवून घेते. मग एवढी महागाची वस्तू घट्ट मापाची का आणायची? शिवाय सायकल एकट्या दिपाची नाही. तिच्यामागून आणखी कुणी येईल, त्यालाही ती यायला हवी. शिवाय अठ्ठेचाळीस नंबरची चाकंसुद्धा लहान असतात म्हणे. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापणार, हा साधा हिशेब आहे.

अपर्णा गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. पोस्टात टाकायच्या आधी तक्ता तिने वाचला.

"मी एकशे बावन्न सांगितलं होतं."

"वाढतं अंग आहे."

"पंधरा वर्षांच्या मुलीचं? आता वाढून वाढून किती वाढणार ती?"

मी म्हणालो, खेळाडू मुली वाढतात. ती शेंगा जरा जोरात मोडायला लागली.

टेप समोरच पडली होती म्हणून स्वानंदलाही दाराशी उभं करून मोजलं. एकशे बहात्तर. अकरावीत आहे. बघता बघता माझ्या कानाच्या वर गेला.

२० जुलै, गुरुवार

शाळेत पुण्याच्या क्लबच्या साहेबांचा फोन. माणूस नेमका बोलणारा. म्हणाले, "एकशे चौसष्ट म्हणजे अठ्ठेचाळीस नंबर फारच लहान होईल. चोपन्न थोडी मोठी पडेल. मुलगी अजून वाढते आहे का?"

मी हो म्हणालो.

"नक्की ना? या सायकलीत माप चुकलं तर सगळंच चुकतं. साध्या सायकलीसारखं चालवून घेता येत नाही."

मी पुन्हा हो म्हणालो. हेडमास्तर समोर बसले होते.

६ ऑगस्ट, रविवार

सायकल आली! एस.टी.च्या टपावरून, पोत्यात गुंडाळून, सुतळीने बांधून. ओमप्रकाश मिस्त्रीने शाळेच्या पटांगणात जोडली. तोही मूळचा तांड्यावरचाच, वीस वर्षं इथे दुकान आहे. पाना फिरवताना सारखा म्हणत होता, "काय वस्तू हाय सर! दोन बोटांवर उचलून राहिली."

दिपाला बसवलं. सीट अगदी तळापर्यंत खाली घेतली. तरी सीटवरून उतरून मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना उभं राहायला गेली तर पाय जमिनीला टेकेनात. तिला ओट्याशी सायकल लावून चढावं लागलं. कोपरं हँडलवरच्या गाद्यांवर टेकवली की अंग एवढं ताणलं जात होतं की सीटच्या टोकावर आली.

तिचे वडील वसराम मुद्दाम आले होते. धोतर, पांढरा पटका, हातात नारळ. मी जरा विचारात पडलेला दिसलो असेन. तेच म्हणाले, "त्याचं काय न्हाई सर. आमी सगळे म्हाताऱ्याच्या सायकलवर कैची मारत शिकलो. दांडीच्या खालून पाय घालायचा आन् निघायचं. बसायला मिळालं तेच लई."

सगळे हसले. मीही. मीसुद्धा कैची मारतच शिकलो होतो. खरं तर इथलं प्रत्येक लेकरू आपल्याहून मोठ्या सायकलवरच शिकतं आणि काही बिघडत नाही.

"बसते का बराबर?" मी दिपाला विचारलं.

"व्हय सर. बराबर हाय."

वसतिगृहात ठेवायला जागा नाही म्हणून सायकल माझ्या घरी राहील. रोज पहाटे ती येऊन घेऊन जाईल.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

तांड्यावर तीज होती. कुवार पोरी टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. त्यात तिचे चार दिवस गेले. आज सराव पुन्हा सुरू. वाशिम रस्त्याने कनेरगाव नाक्याच्या दिशेने दहा किलोमीटर, आणि परत. मी मोटरसायकलवर मागे. वेळ बरी, पण फार बरी नाही. बोटांना मुंग्या येतात म्हणाली. सवय नाही, होईल.

२७ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. आरतीनंतर स्वानंद म्हणाला, "बाबा, एक चक्कर मारू?" दिपा घरी गेलेली, सायकल नुसतीच उभी. म्हटलं मार.

त्याने सीट वर घेतली आणि बसला. काय सांगू! पाठ सपाट, कोपरं अगदी गादीच्या मधोमध, गुडघा सरळ वर, सरळ खाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेला तेव्हा ओसरीवरून सगळे बघत राहिले. शेजारचे आजोबा म्हणाले, "याच्यासाठीच बनवलेली दिसते." मला छान वाटलं. परत आल्यावर त्याने सीट पुन्हा खाली सरकवली.

"पहिल्यासारखीच केलीस ना?"

"अंदाजाने केली. चालेल तिला."

अपर्णा मोदकांचं ताट घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मुलाकडे नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

दिपाची वेळ दोन मिनिटांनी वाढली. वाढायचं काही कारण नाही. पोहण्यात ती सुधारली आहे, धावण्यात आहे तशी. सायकलवर मात्र एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी खराब. सोमवारी तर हमखास खराब.

आज तिला सगळ्यांदेखत बोललो. "एवढ्या लांबून एवढी चांगली वस्तू आणून दिली, तिचं चीज करायचं की नाही?" मान खाली घालून ऐकत होती. नंतर तिची मैत्रीण सांगून गेली की तिचा उजवा गुडघा दुखतो, पुढच्या बाजूने, जिना उतरताना जास्त. दिपाला विचारलं तर म्हणाली, "लई न्हाई सर. थोडा थोडा." मलम दिलं.

१३ सप्टेंबर, बुधवार

काल बोललो ते जास्त झालं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

काल दसरा झाला. आज ब्रेकच्या तारा बदलायला सायकल ओमप्रकाशकडे नेली. त्याने तारा बदलल्या आणि मग बराच वेळ सीटच्या नळीकडे बघत बसला.

"सर, ही सीट कोन वर-खाली करून राहिलं?"

"का?"

"नळीवर ओरखडे हायेत. एक-दोन न्हाई, बरेच. एकदम वरपर्यंत. त्या पोरीला तर एकदम खालीच लागती. मंग वर कोन घेऊन राहिलं?" माझं उत्तर यायच्या आत त्याने पाना खाली ठेवला. "आन् खाली घेताना दर वेळी दुसरीकडंच थांबून राहिली. कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली. गुडघा दुखतो का तिचा?"

मी म्हणालो, थोडा.

"थोडाच दुखंल आधी." मग कारागीर बोलतात तसा सहज म्हणाला, "सर, राग मानू नका, पन ही सायकल त्या पोरीची न्हाईच. ही तुमच्या स्वानंदच्या मापाची हाय. पुन्याच्या लोकांची काय तरी गडबड झाली."

मी म्हणालो, झाली असेल.

एवढंच म्हणालो. सायकल हाताने ढकलत घरी येईपर्यंत दोनदा थांबलो. उन्हाची तकलीफ असेल.

८ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी दिपा एक दिवस आधीच घरी गेली. गुडघा विचारायला म्हणून आज तांड्यावर गेलो, न कळवता.

वसराम शेतात होते. बैलांच्या छपरीतून कुणीतरी मोजत असल्याचा आवाज येत होता, "साठ, एकसठ, बासठ..." आत डोकावलो. दिपा छपरीच्या आडव्या लाकडाला दोन्ही हातांनी लोंबकळत होती. डोळे मिटलेले. तिची आई जिवनबाई खाली उकिडवी बसून तिचे दोन्ही पाय धरून खाली ओढत होती आणि मोजत होती.

मला बघून दिपाने हात सोडले. उजव्या पायावर उतरली आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय चाललंय?"

जिवनबाई पदराने तोंड झाकून हसली. दिपाच सांगायला लागली, "सर, लोंबकळलं की उंची वाढते म्हणं. वसतिगृहात एका पोरीनं सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ शंभर-शंभर. तिथं गजाला लोंबकळते, हितं याडी पाय ओढती." आईला ते लोक याडी म्हणतात. "काकूनं मापं घेतली तवा एकशे बावन्न होतं. तुमी पुन्याच्या सायबाला फोनवर सांगितलं की पोरगी वाढून राहिली. शिपाईकाकानं ऐकलं हुतं. मंग वाढाया पायजे ना."

अडीच महिने. रोज दोनशे.

वसराम आले. कोऱ्या चहात त्यांनी दोन जणांची साखर घातली. बाजेच्या कडेला अंग चोरून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमाला एक सांगायचं हुतं. आमच्या घरातच उंची न्हाई. मी हा असा, तिची याडी तशी. तुमी येवढी मोठी सायकल आनली आन् पोरगी पुरून न्हाई राहिली तिला. तुमचं नाव खराब व्हईल पुन्यात. माफ करा."

हात जोडले त्यांनी. माझ्यासमोर.

मी चहा प्यायलो. म्हणालो, होईल सगळं ठीक. आणि उठून आलो.

९ ऑक्टोबर, सोमवार

आता लिहितो. वाढत्या अंगाचं, पुढच्या मुलांसाठी, मोठं चाक, हे सगळं मी आधी ठरवून मग शोधलं. पत्रात दोन नंबर वाचले त्याच क्षणी मला कळलं होतं की चोपन्न नंबर स्वानंदला येईल. डिसेंबर झाला की दिपा एक तर पुण्याला जाईल, तिथे तिला त्यांची सायकल मिळेल, नाही तर तिचं सगळं थांबेल. दोन्हीकडून सायकल माझ्या ओसरीत राहणार होती. मग माझा मुलगा दोन-तीन वर्षं तयारी करेल. त्याच्यात तिच्यासारखं काही नाही हे मला शिक्षक म्हणून माहीत आहे. बाप म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

बारा सेंटीमीटर मी तिच्या वाढीसाठी ठेवले नव्हते.

अपर्णाला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही तो त्या सायकलवर छान दिसत होता." असं म्हणून ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "फोन करा त्यांना."

१० ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याला फोन केला. एस.टी.डी.च्या काचेच्या खोलीतून, शाळेतून नाही. मापं चुकीची लिहिली होती, एवढं सांगितलं. साहेब म्हणाले, "चुकीची म्हणजे किती?"

"बारा सेंटीमीटर."

मीटर पळत होतं. मग म्हणाले, "पहाटे सराव करते ना ती? आज थांबवा. आजपासून तिला त्या सायकलवर बसवू नका." अठ्ठेचाळीस नंबर त्यांनी ऑगस्टमध्येच वाशिमला दिली आहे, तिथल्या एका कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या प्रेमा मॅडमकडे. तिथे अजून त्या मापाची मुलगी मिळाली नाही, सायकल पडून आहे.

वाशिम. म्हणजे आम्ही रोज ज्या रस्त्याने सराव करतो, त्याच रस्त्याच्या टोकाला.

१५ ऑक्टोबर, रविवार

दिपाला आणि वसरामना घेऊन एस.टी.ने वाशिमला गेलो. प्रेमा मॅडम पस्तिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं झटपट. त्यांनी दिपाला आधी नुसतं चालायला लावलं, मग बसून उठायला. गुडघ्याची वाटी दोन बोटांनी चाचपली. मग कोपऱ्यातून ती लहान सायकल काढली आणि लाकडी घोडीत मागचं चाक अडकवून उभी केली.

"बस. टाच ठेव पॅडलवर. टाच, चवडा नाही. आता पॅडल पार खाली ने. पाय सरळ झाला? कंबर हलली का? नाही ना? झालं, ही तुझी सीट." मग चवड्यावर पाय ठेवायला लावून गुडघ्यापासून एक दोरा सोडला, त्याच्या टोकाला नट बांधलेला. सीट अर्धा बोट पुढे. हँडलवरच्या गाद्या मागे. कोपर कुठे येतं ते बघून पुन्हा थोड्या मागे. वीस मिनिटं चाललं असेल. या वीस मिनिटांत मी दोन महिन्यांत एकदाही न केलेली गोष्ट त्यांनी केली. सायकलला हात लावायच्या आधी दर वेळी तिला विचारलं, "कसं वाटतंय?" आणि ती "बराबर हाय" म्हणाली की म्हणायच्या, "बरोबर नको सांगू. कुठे ताण येतो ते सांग."

मग घोडीवरून काढून पटांगणात दिली. एकच फेरी, हळू. दिपा थांबली, आपोआप दोन्ही पाय खाली टेकले, आणि ती एकदम ओरडली, "बा! जमीन लागून राहिली!"

वसराम हसायला लागले. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, पुण्याच्यांनी हिला चोपन्न नंबर दिली कशी? ते मापाशिवाय हात लावू देत नाहीत."

"उंची कमी पडली जी पोरीची," वसराम घाईने म्हणाले. "सरांचा काय दोष न्हाई त्यात."

तेव्हा मी बोललो. म्हणालो, "उंची कमी पडली नाही. तिची उंची मी जास्त लिहिली. मुद्दाम."

"काहून?" वसरामनी विचारलं. रागाने नाही. खरंच न कळून.

"माझ्या मुलाला यावी म्हणून."

वसरामनी पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "पोराला पायजे हुती तर तसं सांगायचं सर. आमी काय न्हाई म्हनलो असतो?"

दिपा सायकल धरून उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग मला वाढायचं कामच नव्हतं?"

मी नाही म्हणालो. म्हणजे मान हलवली.

नंतर हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन महिने पळायचं नाही, सायकल नाही, पोहायला हरकत नाही. हाड शाबूत आहे, वाटीखालचं घासलं गेलं आहे. असंच चालवलं असतं तर पुढे कठीण होतं. मॅडमनी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मीही बघितलं. दहा डिसेंबरला दोन महिने पुरे होत नाहीत. झाले असते तरी सरावाशिवाय काय करणार?

"गोळी खाऊन पळू का?" दिपाने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. तिने पुन्हा विचारलं, शब्द बदलून. ते पुन्हा नाही म्हणाले. मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

स्वानंदला सांगितलं की सायकल पुण्याला परत जाणार. त्याला सगळं सांगितलं, माझं लिहिलेलं माप, दिपाचा गुडघा, सगळं. तो ऐकत होता, पण बघत होता सायकलीकडे.

"पण आता तिला दुसरी मिळाली ना? मग ही परत कशाला? नुसती पडूनच राहील तिथे."

अपर्णा त्याच्यावर ओरडायला निघाली. मी तिला थांबवलं. पोरगा चुकीचं काही शिकला असेल तर ते याच घरात शिकला. जुलैपासून मी हेच मनात म्हणत होतो, फक्त त्याने ते तोंडाने म्हटलं.

पोतं आणलं, सुतळी आणली. बांधताना तो आला नाही. ओमप्रकाशने मदत केली. हँडल सोडवताना म्हणाला, "पुन्याच्या लोकांनी कबूल केली का गडबड?"

"गडबड माझी होती," मी म्हणालो आणि कशी ते सांगितलं. त्याने हँडल सोडवून पोत्यात घातलं. टपावर चढवताना मात्र दुसऱ्या टोकाला त्याने हमालाला धरायला लावलं, मला नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. मधल्या सुट्टीत दिपा स्टाफरूमच्या दाराशी आली.

"सर, एक इचारायचं हुतं. तुमी रागावू नका."

"बोल."

"वाशिमच्या मॅडम म्हनल्या, शनिवार-रविवार त्यांच्याकडं ये. दहावी झाली की अकरावीला तिथंच नाव घालायचं म्हनल्या. बा व्हय म्हनला." ती थोडी थांबली. "मोठ्या बायांत उतरायला लागंल म्हनल्या पुढच्या साली. तयारी दोन वर्सं लागंल."

"चांगलं आहे. जा."

"जाऊ ना?"

तिला परवानगी नको होती, हे मला कळत होतं. ती फक्त रीत पाळत होती. तरी मी म्हणालो, जा, काही लागलं तर सांग. ती व्हय म्हणाली. आजवर ती काही लागलं तर सांगायची नाहीच, आणि मी ते कौतुकाने लोकांना सांगायचो.

१० डिसेंबर, रविवार

आज पुण्यात चाचणी झाली. दुपारपर्यंत घरातच होतो. निकालाचा फोन मी केला नाही. साताऱ्याची एखादी मुलगी पहिली आली असेल, ते मंगळवारच्या पेपरात येईल किंवा येणारही नाही. पण तिची वेळ कळली तर मी दिपाच्या ऑगस्टमधल्या पोहण्या-धावण्याच्या वेळांची बेरीज करून तिच्याशी ताडत बसेन, म्हणून नको.

(निकाल संध्याकाळी हेडमास्तरांकडून कळलाच. सातारा नव्हे, सांगली. आणि मी बेरीज केली.)

११ फेब्रुवारी २००७, रविवार

आज कनेरगाव नाक्याला गेलो. तिथे माझं काही काम नव्हतं. अपर्णाला टायरची हवा बघायला जातो म्हणालो.

सकाळचे साडेसात. ढाब्याच्या बाहेर बाकावर चहा घेऊन बसलो. तुरीने भरलेली ट्रॅक्टरं मोंढ्याकडे चालली होती. वाशिमकडून आधी प्रेमा मॅडमची स्कूटर दिसली, आणि तिच्या पुढे पंचवीस-तीस हातांवर दिपा.

आधी मी तिला ओळखलंच नाही. ऑगस्टपासून ज्या मुलीच्या मागून मी मोटरसायकल चालवली ती सीटवर डावी-उजवीकडे सरकत असायची, खांदे कानापर्यंत आलेले. ही हलत नव्हती. नुसते पाय फिरत होते. पाठीवर वाटी ठेवली असती तरी पाणी सांडलं नसतं. उजवा गुडघा बघत राहिलो. सरळ वर, सरळ खाली.

नाक्याच्या चौकात तिला वळून परत वाशिमकडे जायचं होतं. ती वेग कमी करून वळली, माझ्या बाकापासून दहा हातांवरून. मी उभा राहिलो. मॅडमनी मला बघून मान हलवली. दिपाने हात केला नाही. त्या हँडलवर कोपरं टेकलेली असली की हात सोडता येत नाही.

वरचं वाक्य तसंच ठेवतो, खोडत नाही. पण वळता वळता तिने एका हाताने बाटली काढली होती, पाणी प्यायली होती, आणि बाटली जागेवर ठेवून मग ती पुढे गेली होती.